पीएचसीला टाळं ठोकायचं ठरलंय, पण ठोकून डॉक्टर येतो का?

बागायतदार_नावाला:

मंडळी जरा डोकं लावून सांगा. आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या एका टोकाला, तालुका मुद्दाम टाकत नाही कारण इथं ओळखीचे लई आहेत आणि त्रास झालाच तर तो आमच्या सिस्टरला होणार, साहेब लोकांना नाही. गावात पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, बिल्डिंग चांगली आहे, रंग मागच्या वर्षीच दिलाय, आत गेल्यावर बोर्डावर डॉक्टरांची दोन नावं आहेत. त्यातल्या एक मॅडम बॉण्डवर होत्या (एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी नोकरी करायची असते ती), चांगल्या होत्या, वर्ष पुरं झालं आणि जूनमध्ये गेल्या. दुसरे साहेब नुसते बोर्डावर. माझी आज्जी म्हणते विठ्ठलाचं दर्शन तरी बारीला उभं राहिल्यावर होतंय, हे साहेब तर आषाढीला बी दिसले नाहीत.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या चुलत्याचा हात कडबाकुट्टीत गेला. वैरण आत ढकलताना. मी बटण बंद करायला पळालो तोवर करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. चुलतभावाने वैरणीच्या ढिगातून बोटं शोधून काढली, किराणा दुकानातनं पेप्सीच्या चार कांड्या आणल्या, कात्रीने फोडून त्या बर्फात बोटं टाकली आणि पिशवीला गाठ मारली, कारण त्याने मोबाइलवर कुठंतरी बघितलं होतं की बर्फात ठेवायची असतात. पीएचसीत सिस्टर एकट्या. त्यांनी हात वर धरायला लावला, घट्ट ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, १०८ ला फोन लावला. १०८ दुसरीकडं डिलिव्हरीचा पेशंट घेऊन गेलेली, यायला पन्नास मिनिटं. तालुक्याला पोचलो तर सर्जन नाहीत, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सोलापूरला न्या म्हणाले. सोलापूरला एका खासगी दवाखान्यात पोचायला रात्रीचे साडेअकरा. तिथले डॉक्टर म्हणाले बोटांचं आता काही होत नाही, टाके घालून बंद केलं. चुलता बरा आहे पण म्हशीची धार काढता येत नाही, पकडच बसत नाही, म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पीएचसीला टाळं ठोकायचं असं पोरांनी ठरवलंय. टाळं आणून पण झालं. मला काही पटेना झालंय, कारण जे काय आहे ते सिस्टरच आहेत आणि टाळं लावलं तर त्याच बाहेर. पण नुसती निवेदनं देऊन बी कंटाळा आलाय, पाच दिलीत. कुणाच्या गावात असं करून डॉक्टर आलेत का? आणि नक्की मागायचं कुणाकडं?

सोलापुरी_चादर:

काय सांगू भावा, आमच्या मामाच्या गावात ठोकलं होतं टाळं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हजर. पेपरात फोटो, सरपंच डॉक्टरला नारळ देऊलालेत, सगळं झकास. पंधरा दिवस राहिला आणि सोळाव्या दिवशी गायब. नंतर कळलं तो शेजारच्या पीएचसीतनं उचलून आणलेला, मग त्या गावानं टाळं ठोकलं म्हणून परत तिकडं पाठवला. म्हणजे डॉक्टर एकच, टाळी दोन.

आणि हे ते सोलापूर बरं का जिथला डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेला, लोकांना औषधपाणी करत तिथंच मेला वयाच्या ३२ व्या वर्षी. आताच्या डॉक्टरला अक्कलकोटच्या पुढं जाववेना बे.

एक_वर्षाचा_पाहुणा:

चादरभाऊ, कोटणीसांचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो नाहीतर नुसता वाचत होतो. कोटणीस चीनला एकटे गेले नव्हते. पाच डॉक्टरांचं पथक होतं ते. मला एकट्याला पाठवलेलं.

मी अमरावतीकडचा, एमबीबीएस सोलापुरात वैशंपायन मेडिकल कॉलेजला केलं आणि बॉण्डचं वर्ष कर्नाटक सीमेवरच्या एका पीएचसीत काढलं. (आमच्या वेळी बॉण्ड नाही केला तर १० लाख भरायचे होते, माझ्या बापाकडं १० लाख असते तर मी सरकारी कॉलेजला कशाला आलो असतो.)

आधी त्या बोटांचं सांगतो कारण वाचणाऱ्या कुणाला तरी उद्या लागेल. तुटलेला भाग थेट बर्फात टाकायचा नसतो. स्वच्छ कापड पाण्याने ओलं करायचं, पिळायचं, त्यात बोट गुंडाळायचं, ते कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची आणि मग ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फाला लागलं की मांस गोठून मरतं, मग सर्जन कितीही भारी असला तरी त्याला जोडायला काही उरत नाही. पण तुमच्या भावाने मनाला लावून घेऊ नये, कडबाकुट्टी कापत नाही हो, चिरडते, तशी बोटं जोडणं तसंही फार अवघड असतं. सिस्टरने जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं, मी असतो तरी त्यापेक्षा वेगळं काही केलं नसतं, हे पण गावात सांगा.

आता डॉक्टर का टिकत नाही ते. लोक म्हणतात पैसा. पैसा आहेच पण मला पगार वाईट नव्हता, तो वेळेवर येत नव्हता हा भाग वेगळा, एकदा तीन महिन्यांचा एकदम आला. मला खाल्लं ते एकटेपणाने. एकटेपण म्हणजे करमत नाही ते नव्हे. पीएचसी चोवीस तास चालू, डॉक्टर मी एक. सकाळी ओपीडी ८०-९० पेशंट, मंगळवारी लसीकरणाला जायचं, दुपारी व्हिडिओवर मीटिंग, पोर्टलवर एंट्री, शाळा तपासणी, आणि मग रात्री दोनला दार वाजतं. उठून बघितलं, दाखल करून घेतलं, सकाळी नऊला परत ओपीडी. सलग सात महिने. घरी आईचं ऑपरेशन होतं तेव्हा रजा मागितली तर बदली माणूस तुम्हीच शोधा म्हणाले.

क्वार्टर होतं पण छत गळायचं, मी खाट खोलीच्या मधोमध घेतली होती कारण कडेला पाणी यायचं, आणि पुस्तकं फ्रीजवर. बाथरूमचं दार नव्हतं, पोतं लावलेलं. मी पुरुष माणूस, निभावलं. माझ्या जागी नंतर एक मॅडम आल्या, त्यांनी ती खोली बघितली आणि तालुक्याला भाड्याने राहायला गेल्या, रोज ये-जा. गाव म्हणालं मॅडम रात्री थांबत नाहीत. कशा थांबतील?

भाषेचं पण सांगतो. मला कन्नड येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात एक म्हातारी आली, होट्टी ब्यानी होट्टी ब्यानी म्हणत होती आणि मी तिच्या हाताची नाडी बघत बसलो. शिपाई हसून म्हणाला साहेब पोट दुखतंय तिचं. तीन महिन्यात शिकलो, जाताना तीच म्हातारी रोज ऊटा आतेन्री विचारायची आणि मी जेवलोय असं खोटं सांगायचो. मग मी गेलो. पुढच्याला परत होट्टी ब्यानीपासून सुरुवात. मला खरं वाईट याचंच वाटतं, वर्षभरात जेवढं गाव कळतं ते सगळं डॉक्टरबरोबर एसटीत बसून निघून जातं.

आणि जाऊन पण सुटका नाही. तिथं पोस्टमॉर्टेम पण मीच करायचो. आता मी पीजी करतोय दुसऱ्या शहरात आणि अजून कोर्टाचं समन्स येतं साक्षीला या म्हणून. एका तारखेला रात्रभर प्रवास करून आलो तर वकील आलेले नव्हते.

तर दादा, टाळं ठोकायच्या आधी तुमच्या त्या बोर्डावरच्या दुसऱ्या साहेबाचं काय झालं ते शोधा. एका जागी दोन डॉक्टर असले की दोघंही टिकतात. एक असला की तो पण जातो.

रात्रपाळी:

मी सिस्टर आहे, कुठली ते सांगत नाही, जिल्ह्यातलीच. दादा तुमच्या गावच्या सिस्टरची बाजू घेतलीत म्हणून बरं वाटलं नाहीतर आम्हाला लोक डॉक्टर नाही म्हणून आमच्यावरच ओरडतात. एकदा एकाने टेबलावर हात आपटला तर माझ्या हातातली सलाइनची बाटली पडली. मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे असा २०१० चा कायदा आहे, भिंतीवर बोर्ड पण लावलाय, पण रात्री एक वाजता तो बोर्ड कोण वाचतंय.

डॉक्टर नसताना काय होतं काय होत नाही ते सांगते. साधी डिलिव्हरी आम्ही करतो, डॉक्टर असले तरी आम्हीच करतो. बाळ झालं की लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, वार पडली का बघायची, पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट झाली का बघायची. झटके आले तर मॅगसल्फचा पहिला डोस देऊन पाठवायचं हे पण येतं. अडतं कुठं तर रक्त थांबत नाही तेव्हा. तिथून पुढे सिझर लागलं किंवा रक्त चढवायचं म्हटलं की तालुक्याला जावं लागतं आणि तिथं बाळंतपणाच्या मॅडम असतात पण भुलीचे डॉक्टर नसतात. भुलीचे डॉक्टर नाहीत तर मॅडम असून काय करणार, मग दोघी सोलापूरला, बाई आणि तिच्या पोटातलं. मी एकदा बरोबर गेले होते, मोहोळच्या अलीकडे गाडी ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे अडकली, दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, मागे लाल दिवा पण नाही, गाणी मोठ्यांदा. सायरन ऐकू जाईना. ड्रायव्हर खाली उतरून पळत पुढे गेला ट्रॅक्टर थांबवायला. बाई वाचली.

भुलीच्या डॉक्टरांबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नाही, साध्या एमबीबीएस डॉक्टरला १८ आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन सिझरपुरती भूल द्यायला शिकवायची सरकारची योजना होती, तशीच सिझर करायला शिकवायची १६ आठवड्यांची. आमच्या ओळखीचे एक सर करून आले होते. आल्यावर त्यांची बदली जिथं ऑपरेशन थिएटरच नाही अशा ठिकाणी झाली 😀 हसायचं का रडायचं.

आणि तुम्ही करमाळ्याकडचे असाल तर जामखेड तुम्हाला शेजारीच आहे. तिथं आरोळे डॉक्टर नवराबायकोने १९७० ला काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यात कितीतरी जणींना लिहाय-वाचायला येत नव्हतं. आता आशा ताई म्हणून ज्या फिरतात त्याची मुळं तिकडंच आहेत. मी असं म्हणत नाही की डॉक्टर नको. पण आशांचा मोबदला थकवायचा आणि डॉक्टर नाही म्हणून रडायचं हे काही बरोबर नाही.

टाळं नका लावू. लसी फ्रीजमध्ये असतात, तापमान दोनदा लिहावं लागतं, तुम्ही टाळं लावलंत तर मला खिडकीतनं आत जावं लागेल, आणि माझं वय ५१ आहे.

बाजारपेठेतला_दवाखाना:

सगळ्यांचं वाचलं. आता आमचं पण ऐका. मी बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाचा डॉक्टर, एकाच गावात २२ वर्षं. बाजारच्या दिवशी दीडशे पेशंट बघतो. उधारीची वही आहे, ती ऊसबिल आल्यावर मिटते किंवा मिटत नाही. रात्री फोन उचलतो. आणि कुणी शहरातला येऊन भाषण करणार की खेड्यात डॉक्टरच नाही. मग मी कोण आहे?

महाराष्ट्रात आम्हाला ऍलोपॅथीची औषधं लिहायची कायदेशीर मुभा आहे तरी बोगसच्या यादीत आमचं नाव कुणी पण घेतं. १०८ च्या गाडीत २०१४ पासून कोण बसतंय? बहुतेक बीएएमएसच. उपकेंद्रावर आता सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कोण आहेत? आमच्यातलेच किंवा नर्सिंगवाले, सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन. होमिओपॅथीवाल्यांना ऍलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स करून नोंदणी द्यायचं निघालं तर २०२५ ला एमबीबीएसवाल्यांनी संप केला. संप करा, हक्क आहे, पण मग खेड्यात या की. तुम्ही येत पण नाही आणि दुसऱ्याला येऊ पण देत नाही.

एक_वर्षाचा_पाहुणा:

सर, मान्य, २२ वर्षं म्हणजे मी हात जोडतो. पण एक राग मानू नका. माझ्याकडं आलेल्या तापाच्या दर दुसऱ्या पेशंटने आधी कुठंतरी स्टेरॉइड आणि एक भारी अँटिबायोटिक घेतलेलं असायचं, कागदाच्या पुडीत, नाव नसलेल्या गोळ्या. लहान पोरांना पण. हे बीएएमएसवाले करतात असं मी म्हणत नाही, एमबीबीएसवाले पण करतात, कंपाउंडर पण करतात. पण कोर्स एक वर्षाचा की पाच वर्षांचा यापेक्षा त्या माणसाला चुकल्यावर विचारायला कुणीतरी वरिष्ठ आहे का, हे महत्त्वाचं. छत्तीसगडने २००१ ला तीन वर्षांचा कोर्स काढला होता खेड्यासाठी, नावावरून, दर्जावरून एवढी भांडणं झाली की काही वर्षांत बंद पडला, पण जी पोरं त्यातनं निघाली ती तिथल्या दुर्गम पीएचसीत सरकारी नोकरीत कामाला लागली.

बाजारपेठेतला_दवाखाना:

पुडीचं बरोबर आहे तुमचं. पेशंट म्हणतो काल सुई दिली नाही, गुण येणार कसा. सुई नाही दिली की पुढच्या दवाखान्यात जातो. मी पण कधी कधी बी-कॉम्प्लेक्स देतो, खोटं कशाला बोलू.

लातूरवारी:

मध्येच पडतो. माझी मुलगी दोन वर्षं लातूरला होती नीटच्या क्लाससाठी, खोली भाडं मेस क्लास सगळं धरून एक एकर विकलं असं समजा. तिला जागा मिळाली ती प्रायव्हेटला, फी ऐकून मी पाणी प्यायलो. ती उद्या डॉक्टर होऊन खेड्यात जा म्हटलं तर मीच आडवा येईन, कारण ती फी कुठून निघणार. देशात एमबीबीएसच्या जागा २०१४ ला ५१ हजार होत्या त्या आता लाखाच्या वर गेल्या, धाराशिवला पण मेडिकल कॉलेज निघालं, मग डॉक्टर वाढले तरी खेड्यात का दिसत नाहीत हे मला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही, घरातच आहे उत्तर. तमिळनाडूने २०२० पासून सरकारी शाळेत शिकलेल्या पोरांना साडेसात टक्के जागा ठेवल्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोर डॉक्टर झालं तर ते परत यायची शक्यता तरी असते. आमच्या पोरीची नाही, मी खरं सांगतो.

सेवानिवृत्त_आस्थापना:

नमस्कार. मी आरोग्य विभागात आस्थापना टेबलाला, म्हणजे नेमणुका-बदल्यांच्या कामाला, बरीच वर्षं काढली, आता घरी बसून नातवाला शाळेत सोडतो. मूळ प्रश्नकर्त्याने विचारलं की मागायचं कुणाकडं, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही पाच निवेदनं दिली म्हणता ती कुणाला दिली? माझा अंदाज, आमदारांना, तहसीलदारांना आणि कदाचित सिव्हिलला. पीएचसी आणि उपकेंद्र हे जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय हे राज्याच्या आरोग्य खात्याचं, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक. आणि सोलापूरचं सिव्हिल हे मेडिकल कॉलेजचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खातं, तिथं डीन. तुमच्या चुलत्यांच्या एका रात्रीत तुम्ही दोन खात्यांची दारं वाजवली, सिव्हिलला गेला असता तर तिसऱ्याचंही, आणि ही तिन्ही खाती एकमेकांना पत्र लिहून बोलतात. निवेदन चुकीच्या टेबलावर गेलं की ते 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' पुढे जातं. मी स्वतः असली हजारो पत्रं पुढे पाठवलीत, पुढे म्हणजे कुठं ते विचारू नका.

दुसरी आणि मुख्य. मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येला एक पीएचसी हा निकष, सहा खाटा, आणि आपल्याकडं वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं. माहिती मागताना लोक विचारतात पद रिक्त आहे का. उत्तर येतं रिक्त नाही. आणि ते खरं असतं! तक्त्यात मंजूर, भरलेली, रिक्त असे तीन रकाने असतात, आणि चौथा रकाना कार्यरत. तो चौथा कुणी विचारत नाही. तुमचे बोर्डावरचे साहेब भरलेल्यात आहेत, कार्यरत नाहीत. ते प्रतिनियुक्तीवर आहेत, शंभर टक्के. पगार तुमच्या पीएचसीवर निघतो, माणूस तालुक्याला किंवा जिल्ह्याला बसतो. तिथं पण माणूस कमीच असतो म्हणून हलवतात, अगदी हौसेनं कुणी करत नाही. आषाढी आली की पंढरपूरला ड्युटी, मग इकडची पीएचसी पंधरा दिवस सिस्टरच्या भरवशावर. वारीला डॉक्टर लागतात, बरोबर आहे, लाखो माणूस येतं. पण वारी संपली की माणसं परत जायला हवीत, ती काही काही जागी कार्तिकीपर्यंत परतत नाहीत.

आणि मुद्दा असा की प्रतिनियुक्तीमुळे ते पद रिक्त दिसत नाही, रिक्त दिसत नाही म्हणून तिथं बॉण्डचा किंवा कंत्राटी डॉक्टर मिळत नाही. म्हणजे तुमच्या गावाला डॉक्टरच्या अभावाने जेवढं मारलंय त्यापेक्षा जास्त बोर्डावरच्या नावाने मारलंय.

तालुक्याच्या सर्जनचं प्रकरण वेगळं आहे, तिथं खरोखरच माणूस नाही. केंद्राच्या २०२१-२२ च्या आकडेवारीत देशभर त्या पातळीवरच्या रुग्णालयांत सर्जन, स्त्रीरोग, बालरोग, फिजिशियन मिळून जवळपास ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. ते तुमच्या ग्रामसभेच्या आवाक्यातलं नाही. पण पीएचसीचा दुसरा वैद्यकीय अधिकारी आहे.

काय करायचं ते सांगतो. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला अर्ज करा. तुमच्या पीएचसीचे चारही रकाने मागा, प्रतिनियुक्तीचा आदेश आणि तो किती मुदतीचा होता ते मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ग्रामसभेत ठराव करा की प्रतिनियुक्ती रद्द करून मूळ जागी पाठवावे, नसेल तर पद रिक्त दाखवून दुसरा द्यावा. 'डॉक्टर द्या' एवढंच लिहू नका, त्याला उत्तर देणं फार सोपं असतं.

तिसरं, क्वार्टर बघून या. आजच. पीएचसीला रुग्ण कल्याण समितीचे वर्षाला १ लाख, देखभालीचे ५० हजार आणि अबंधित २५ हजार असे पावणेदोन लाख एनआरएचएममधून म्हणजे केंद्राच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून यायचे, आता हेड बदलले असतील पण समिती आहे. समितीची बैठक शेवटची कधी झाली विचारा. २०२२ ला जिल्हा परिषदेची मुदत संपली, नंतर बरीच वर्षं प्रशासक, सदस्यच नव्हते तर अध्यक्ष कोण, त्यामुळे कितीतरी ठिकाणी बैठका नुसत्या वहीत झाल्यात.

सोलापुरी_चादर:

काका तुम्ही हे रिटायर व्हायच्या आधी का नाही सांगितलं 😄

सेवानिवृत्त_आस्थापना:

आधी कुणी चौथा रकाना विचारला नाही.

बागायतदार_नावाला:

उशिरा लिहितोय, सोयाबीनची काढणी होती. सगळ्यांचे आभार. काकांचा अंदाज बरोबर निघाला, निवेदनं पाचही चुकीच्या ठिकाणी, एक तर आम्ही खासदारांच्या दिल्लीच्या पत्त्यावर पाठवलेलं.

ग्रामसभा झाली. लई गोंधळ. पोरं टाळं घेऊनच आलेली. मी इथलं सगळं मोबाइलवरनं वाचून दाखवलं, पाहुणे डॉक्टरांचं पोत्याच्या दाराचं वाचलं तेव्हा मागनं एक जण म्हणाला आपलं क्वार्टर तरी कुठं बरंय. मग दहा-बारा जण उठून तिथंच बघायला गेलो, पीएचसीच्या मागं आहे. लाज वाटली. बॉण्डवाल्या मॅडम वर्षभर हितं राहिल्या आणि आमच्यातला एक माणूस कधी आत गेला नव्हता. कपाटाच्या आत वर्तमानपत्रं चिकटवलेली ओल येऊ नये म्हणून. दाराची कडी तुटलेली, आतनं लावायला त्यांनी खुर्ची सरकवून ठेवायची असं सिस्टरने सांगितलं. बाई माणूस एकटी, खुर्ची लावून झोपायची. सरपंच काही बोलले नाहीत, चपलेच्या टोकानं फरशी उकरत उभे राहिले.

ठराव केला, काकांनी सांगितला तसाच, प्रतिनियुक्ती शब्द लिहिताना ग्रामसेवकाने माझ्याकडं दोनदा बघितलं. माहिती अधिकाराचा अर्ज पण टाकलाय, तारीख वहीत लिहून ठेवलीय. सध्या शेजारच्या पीएचसीचे डॉक्टर मंगळवार शुक्रवार येतात, दोन तास. म्हणजे आम्ही पण कुणाचा तरी डॉक्टर उचललाच, काय करणार.

चुलत्याला पाहुणे डॉक्टरांचं बर्फाचं सांगितलं. ते म्हणाले पोराला सांगू नको, त्याला आधीच झोप येत नाही. म्हशीची धार आता चुलती काढते, पहिले आठ दिवस तिनं चुलत्याचा शर्ट घालून काढली मग म्हैस गप उभी राहिली.

रात्रपाळी:

आणि टाळ्याचं काय केलंत?

बागायतदार_नावाला:

सुतार बोलावून क्वार्टरला नवी कडी बसवली आणि ते टाळं तिथंच लावलं. नवीन होतं, २६० रुपयाला आणलेलं, परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता.

रात्रपाळी:

किल्ली कुणाकडं?

बागायतदार_नावाला:

सिस्टरकडं. एक किल्ली सरपंच मागत होते, दिली नाही.